तीन आण्यांचा हिशेब

परवा मोर्शीच्या घरी माळा आवरताना एक वही सापडली. मे २०१५ ची. पहिल्या पानावर माझ्याच अक्षरात ‘नेपाळ भूकंप – जमा’. पुढचं पान ‘खर्च’, त्यावर ड्राफ्टचं कमिशन एवढीच नोंद.

२५ एप्रिलला नेपाळ हादरलं. काठमांडूचा धरहरा मनोरा कोसळल्याचं टीव्हीवर सारखं दाखवत होते. आमच्या गल्लीतली पोरं डबे घेऊन बाजारात फिरली, पैसे बरे जमले. मग त्यातली तिघं माझ्याकडे आली. “भाऊ, आमी सोताच जातो. नागपूरहून गोरखपूर, मंग सोनौली. पासपोर्टबी लागत नाई.” परदेश खरा, पण आपल्याला दार उघडं! जाण्यायेण्याचा हिशेब मांडला तर जमा रकमेचा मोठा भाग त्यातच जात होता. आणि खजिनदार मी. (चार बुकं शिकलेला म्हणून हे काम नेहमी माझ्याच गळ्यात.)

मोठेबाबांना विचारलं. त्यांचा जन्म खादीच्या कामात गेलेला. म्हणाले, “कुमारप्पा माईत हाय का तुले?”

नाव माहीत होतं ते वर्ध्याच्या मगनवाडीमुळे. बिहारचं ठाऊक नव्हतं.

१५ जानेवारी १९३४, दुपारी सव्वादोनच्या सुमाराची गोष्ट. बिहार आणि नेपाळ मिळून दहा हजारांवर माणसं गेली, मुंगेर शहराची तर माती झाली. धरहरा तेव्हाही पडला होता. कैदेतून सुटलेले राजेंद्रप्रसाद मदतकार्याला लागले, आपल्या वर्ध्याचे जमनालाल बजाज तिकडे धावले, आणि देशभरातून येणारा पैसा सांभाळायला जे. सी. कुमारप्पांना बोलावलं गेलं. लंडनमध्ये शिकलेले हिशेबतपासनीस. त्यांनी स्वयंसेवकाच्या जेवणाला दिवसाला तीन आणे ठरवून दिले. पुढे गांधीजी बिहारच्या दौऱ्यावर आले, तर कुमारप्पांनी महादेवभाई देसाईंना सरळ कळवलं की बापूंच्या मंडळींचा खर्च या निधीतून मिळणार नाही, मोटारीच्या पेट्रोलचाही नाही! त्या पेचात सापडलेल्या महादेवभाईंचा चेहरा मला नेहमी डोळ्यासमोर येतो. पण गांधीजींचा विश्वास काही उडाला नाही. त्याच वर्षी डिसेंबरात वर्ध्याला अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ निघाला, त्याचा कारभार कुमारप्पांकडेच आला.

भूकंप म्हणजे अस्पृश्यतेच्या पापाची शिक्षा, असं गांधीजी तेव्हा म्हणाले होते आणि टागोरांनी त्यांना जाहीर विरोध केला होता. त्या वादावर पुष्कळ लिहिलं गेलंय. या तीन आण्यांवर फार कमी.

असो. मी पोरांना नाही म्हटलं. सगळी रक्कम पंतप्रधान मदत निधीला ड्राफ्टने पाठवली. दोघं गप्प बसली. तिसरा चिडला. “तुमची वही लय सोवळी हाय, भाऊ!” म्हणाला, आणि संत्र्याच्या पैशातला स्वतःचा वाटा घेऊन एकटाच निघून गेला.

दहाबारा दिवसांनी आला तो काळवंडून. हाताला फोड. विटा उचलल्या, ढिगारे उपसले म्हणाला. मग जरा थांबून, “पन पयले दोन दिवस त्यायच्याच घरचं जेवलो, भाऊ. त्यायच्यापाशीच काई नोतं.”

खिशातून शंभराच्या दोन नोटा काढल्या. “हे जमा धरा.”

ड्राफ्ट तर कधीच गेला होता. त्या दोन नोटा परवा वहीतच सापडल्या.