सेवाग्रामच्या प्रार्थनेत जपानी मंत्र कसा आला?

वर्ध्याजवळच्या सेवाग्राम आश्रमात सर्वधर्म प्रार्थना ऐकली असेल, तर 'नम्यो हो रेंगे क्यो' हे शब्द तुमच्या कानावर पडले असतील. हा जपानी बौद्ध मंत्र आहे. अर्थ साधा : सद्धर्मपुंडरीक सूत्राला वंदन. पण तो विदर्भात पोहोचला कसा?

भिक्खू वर्ध्यात आले

निचिदात्सु फुजी (1885-1985) हे निप्पोनझान म्योहोजी या जपानी बौद्ध संघाचे संस्थापक. भारतातून जपानला गेलेला धम्म एक दिवस भारतात परत जाईल, असं 13व्या शतकातल्या निचिरेन या जपानी भिक्खूंनी म्हटलं होतं. तेच काम आपलं मानून फुजी 1931 मध्ये भारतात आले. 1933 मध्ये वर्ध्यात त्यांची गांधीजींशी भेट झाली. गांधीजी त्यांना 'गुरुजी' म्हणत.

पुढे त्यांच्या संघाचे भिक्खू आश्रमात राहू लागले. हातातला छोटा ढोल वाजवत मंत्र म्हणायचा, ही त्यांची उपासना.

युद्ध आडवं आलं

डिसेंबर 1941 मध्ये जपान ब्रिटनविरुद्ध युद्धात उतरला. आश्रमात 'केशव' म्हणून ओळखले जाणारे जपानी भिक्खू आता शत्रुदेशाचे नागरिक ठरले. सरकारने त्यांना ताब्यात घेतलं. ढोल मात्र मागे राहिला.

जुलै 1942 मध्ये गांधीजींनी जपानी जनतेला खुलं पत्र लिहिलं. चीनवरच्या हल्ल्याबद्दल त्यात कडक शब्द आहेत. त्याच पत्रात या भिक्खूंची आठवणही आहे : त्यांचा मंत्र आणि ढोल यांनीच आमची सकाळ-संध्याकाळची प्रार्थना सुरू होते, असं गांधीजींनी कळवलं. जपान सरकारला विरोध आणि जपानी माणसाबद्दल जिव्हाळा, दोन्ही एकाच पत्रात!

ढोलापासून स्तूपापर्यंत

हिरोशिमा-नागासाकीच्या संहारानंतर फुजींनी जगभर शांतिस्तूप उभारण्याचं काम हाती घेतलं. कुमामोतो (1954), बिहारमधलं राजगीर (1969), ओडिशातलं धौली (1972), इंग्लंडमधलं मिल्टन कीन्स (1980) ही त्यातली काही ठिकाणं.

याच मालिकेतला पांढराशुभ्र विश्वशांती स्तूप वर्ध्यात गोपुरीला, गीताई मंदिराजवळ आहे. त्यावर चार दिशांना चार बुद्धमूर्ती आहेत. वर्ध्याला गेलात तर सेवाग्रामची प्रार्थना आणि हा स्तूप, दोन्ही एकाच फेरीत होतं.