मातृभाषेचा रकाना

स्मरणिका समितीने शाळेचा इतिहास लिहायचे काम माझ्यावर टाकले, ते मी चांगली लिहिते म्हणून नव्हे. शाळेची जुनी जनरल रजिस्टरे संगणकावर चढवायला मी होकार दिला होता, म्हणून. तीन रविवार ऑफिसात बसून आपल्या तुकडीच्या नोंदी उतरवल्या. नाव, जन्मतारीख, धर्म, जात, मातृभाषा, शाळा सोडल्याचे कारण. मातृभाषेच्या रकान्यात जवळजवळ प्रत्येकापुढे एकच शब्द होता : मराठी.

आता मधली सुट्टी आठवा. आम्ही कुपारी मुले कादोडीत भांडायचो. वाडवळांची मुले, हिंदू असोत की ख्रिस्ती, वाडवळीत बोलायची. किनाऱ्याकडून येणाऱ्यांची कोळी बोली, बाजारातल्या दुकानदारांच्या मुलांची गुजराती. सिस्टर आपसांत कोंकणीत बोलू लागल्या की काहीतरी गुपित आहे, असे आपण समजायचो. धर्मशिक्षणाच्या तासाला निम्मा वर्ग उठून जायचा आणि उरलेल्यांना नीतिशिक्षण असायचे. डब्यातल्या सुकेळीची वाटणी मात्र धर्म विचारून होत नव्हती.

वसईत ही सरमिसळ फार जुनी. १५३४ मध्ये गुजरातच्या सुलतानाकडून वसई पोर्तुगिजांकडे गेली आणि १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी ती जिंकून घेतली. मधल्या दोनशे वर्षांत किल्ल्यात जेझुइटांचे महाविद्यालय झाले, गावोगावी चर्च उभी राहिली, अनेक घरांचा धर्म बदलला. पण बोली, बागायत आणि बायकांचे लाल लुगडे टिकले. म्हणूनच सामवेदी ब्राह्मणांच्या घरात आणि कुपारी ख्रिस्ती घरात आजही एकाच वळणाची बोली ऐकू येते. १८६४ मध्ये रेल्वे आली आणि इथली केळी, विड्याची पाने मुंबईच्या बाजारात आणखी सहज जाऊ लागली. पुस्तकातली मराठी मात्र दूरच राहिली. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेपर्यंत (१९६२–६५) मिस्साही लॅटिनमध्येच होत असे. माझ्या आजीला लॅटिन प्रार्थना पाठ होत्या. अर्थ विचारला की ती हसायची. घरी बोली, चर्चमध्ये लॅटिन, अशा मुलांना प्रमाण मराठी भेटली ती आपल्यासारख्या शाळांमधून. सगळ्यांना एका बाकावर बसवायला एक भाषा हवीच होती. शाळेने ती दिली, याबद्दल मी कायम ऋणी आहे. पाचवीत एबीसीडी शिकूनही मी इंजिनिअर झाले, कारण तोवर मराठीत विचार करायची सवय पक्की झाली होती.

त्याची किंमतही होती. "घरचं घरी, इथे शुद्ध बोलायचं," असे बाई म्हणत. कादोडी शब्द तोंडून निघाला की पुन्हा बोलून दाखवावे लागे. पाव, चावी, बादली, पगार हे पोर्तुगीज शब्द बाईंच्याही बोलण्यात होते. ते मात्र शुद्ध! बाईंवर राग नाही. आपण शहरात हसू होऊ नये, एवढीच त्यांची धडपड होती.

राग आहे तो माझ्यावर. दुसरीत माझ्या शेजारी एक वारली मुलगी बसत असे. नाव लिहीत नाही. तुमच्यापैकी काहींना ती आठवेल. धडा वाचताना तिने एक शब्द घरच्यासारखा उच्चारला आणि वर्ग हसला. मीही हसले. आदल्याच आठवड्यात मला माझा शब्द पुन्हा म्हणावा लागला होता, तरी हसले. दिवाळीच्या सुट्टीनंतर ती आली नाही. रजिस्टरात तिच्यापुढे मातृभाषा "मराठी" आणि शाळा सोडल्याचे कारण "सतत गैरहजर" आहे. खरे कारण काय असेल, मला ठाऊक नाही. त्या हसण्याचा त्यात किती वाटा होता, हेही आता कळणार नाही.

माझी मुलगी इंग्रजी माध्यमात शिकते. तिला कादोडी कळते, पण ती उत्तर मराठीत देते. आणि कधीकधी तेही इंग्रजीत. म्हणजे बाईंचे अर्धे काम मीच पुढे चालवले.

रजिस्टरातली नोंद मी बदललेली नाही; जुनी नोंद आहे तशीच राहिली पाहिजे. मात्र संगणकावरच्या यादीत शेवटी एक नवा रकाना वाढवला आहे : "घरची बोली". सध्या तो रिकामा आहे. स्नेहमेळाव्याच्या दिवशी दाराशीच लॅपटॉप ठेवणार आहे. चहा घेण्याआधी प्रत्येकाने आपापल्या नावापुढे तो भरावा. माझ्या शेजारच्या मुलीचा पत्ता कुणाला माहीत असेल, तर तोही सांगावा. तिचा रकाना तिनेच भरावा, असे मला वाटते.