पाठसंशोधन (जुग्यो केन्क्यू)

शिक्षकांनी एकत्र येऊन स्वतःच्याच अध्यापनाचे पद्धतशीर परीक्षण करण्याची जपानमधील परंपरागत रीत. मेजी राजवटीत 1872 मध्ये तोक्यो येथे अध्यापकविद्यालय निघाले. तेथे मॅरियन स्कॉट या अमेरिकन अध्यापकाने वर्गाध्यापनाच्या नव्या पद्धतींची ओळख करून दिली, आणि त्या आत्मसात करण्यासाठी परस्परांचे पाठ पाहून त्यांवर चर्चा करण्याचा जो प्रघात पडला, त्यातून ही रीत विकसित झाली.

शिक्षकांचा गट प्रथम विद्यार्थ्यांची एखादी अडचण, उदाहरणार्थ भिन्नच्छेद अपूर्णांकांची बेरीज, निश्चित करतो आणि पाठ्यपुस्तके तपासून, मुलांच्या संभाव्य उत्तरांसह पाठाचा तपशीलवार आराखडा सिद्ध करतो. त्यानुसार एक शिक्षक पाठ घेत असता इतर जण मुख्यतः मुलांच्या विचारप्रक्रियेवर लक्ष ठेवून टिपणे करतात. नंतरच्या सभेत पाठ घेणारा सामान्यतः प्रथम आपली कैफियत मांडतो, निरीक्षक आपापली निरीक्षणे सांगतात व निमंत्रित तज्ज्ञ समारोप करतो. सुधारलेला पाठ कधी अन्य वर्गात पुन्हा घेतला जातो, आणि निष्कर्ष लेखी अहवालात दाखल होतात.

पाठाची सिद्धता सामूहिक असल्यामुळे त्यातील उणीव कोणा एकाचा दोष न ठरता सर्वांच्या अभ्यासाचा विषय ठरते, हे या रीतीचे मर्म होय. जेम्स स्टिग्लर व जेम्स हीबर्ट यांच्या ‘द टीचिंग गॅप’ (1999) या ग्रंथामुळे अमेरिकेत तिच्याविषयी जिज्ञासा वाढली. तथापि शिक्षकांना पुरेसा अवकाश व परस्परविश्वास लाभल्याखेरीज तिचा केवळ बाह्य विधी फलद्रूप होत नाही.