दुचाकीची पडवी

स्वयंचलित दुचाकीचे ऊन, पाऊस व खारी हवा यांपासून रक्षण व्हावे म्हणून घराच्या भिंतीलगत अथवा अंगणात, गावातच मिळणाऱ्या जिनसांतून अल्प खर्चात उभारलेला, बाजूंनी बहुतांशी उघडा असा निवारा. कोकण किनारपट्टीत, जेथे जूनच्या आरंभापासून सप्टेंबरअखेरपर्यंत साधारणतः अडीच हजार मिलिमीटरांच्या आसपास किंवा त्याहून अधिक पाऊस पडतो आणि समुद्रावरील वाऱ्याबरोबर आलेले क्षार धातूवर बसतात, तेथे याची निकड विशेष भासते.

लोखंड गंजते ते पाणी आणि प्राणवायू यांच्यामुळे, व क्षार ही क्रिया त्वरेने घडवून आणतात. सबब पावसाचा मारा चुकविणे जितके अगत्याचे, तितकेच, किंबहुना काकणभर अधिक अगत्याचे, भिजून आलेली गाडी वाळावी म्हणून हवा खेळती ठेवणे होय. गाडी ताडपत्रीत गुंडाळून बांधण्याचा प्रघात या दृष्टीने घातकच म्हटला पाहिजे : जमिनीतून उठणारी वाफ आत कोंडते, रात्री थंड धातूवर तिचे थेंब जमतात आणि साखळी, चाकांचे आरे व सायलेन्सरचे सांधे यांवर पंधरवड्यात गंज चढतो.

म्हणूनच कामाचा आरंभ छपरापासून नव्हे, तर जोत्यापासून करावा. सुमारे 8 फूट लांब व साडेचार फूट रुंद जागा भोवतालच्या अंगणाहून वीतभर उंच करून तीवर जांभ्याचे चिरे बसवावेत, पाणी निथळण्यापुरता उतार ठेवावा आणि भोवती चर खणावा. उघड्या मातीत पावसाळ्यात गाडीचे स्टँड रुतते व उभी गाडी कलंडते.

खांबांस बांबू पुरतो. मात्र तो तोडल्यावर काही आठवडे वाहत्या पाण्यात बुडवून ठेवावा, म्हणजे त्यातील पिष्ट धुऊन जाऊन घुण लागण्याचे भय कमी होते. बांबूचे बूड मातीत पुरल्यास ते लवकर कुजते, याकरिता दीड-दोन फूट खोल खड्ड्यात काँक्रीट भरून त्यात लोखंडी पट्टी रोवावी, पट्टीचे वर राहिलेले टोक खांबास बोल्टाने जखडावे आणि बूड जोत्यावरच टेकवून त्यास डांबर फासावे.

आच्छादनास जस्ती पन्हळी पत्रा सर्वांत सोयीचा. पन्हळी पत्र्याचे एकस्व हेन्री रॉबिन्सन पामर याने लंडनमध्ये 1829 साली घेतले, व लोखंडास जस्ताचा लेप देण्याच्या रीतीचे स्तानिस्लास सोरेल याने फ्रान्समध्ये 1837 साली. या दोहोंच्या संयोगातून जे स्वस्त व हलके छप्पर निर्माण झाले ते कौलारू मुलखातही सर्वत्र पसरले. वरील मापाच्या पडवीस 12 फुटी दोन पत्रे मध्यावर कापून होणारे चार तुकडे पुरतात. कापलेल्या कडेचे लोखंड उघडे पडते. तिला गंजरोधक रंग लावून ती चढाच्या बाजूस घ्यावी. छिद्रे पन्हळीच्या खोलगट भागात न पाडता उंचवट्यावर पाडावीत, कारण पाणी वाहते ते खोलगटातून. ज्यास पत्र्याचा खर्चही जड वाटेल त्याने नारळाचे झाप वापरावेत. ते उन्हाळ्यात गारवा देतात, परंतु दरसाल बदलावे लागतात व त्यांस उतार पुष्कळ अधिक लागतो. निळे प्लॅस्टिक मात्र उन्हाने अल्पावधीत चिरफाळते.

पावसाळी वारा नैर्ऋत्येचा व पश्चिमेचा असल्याने गाडी आत घेण्याची बाजू शक्य तेथे पूर्वेस ठेवावी आणि पश्चिमेकडील झड अडविण्यास बांबूचे तट्टे बांधावेत. तेही खाली व वर वीत-वीत फट सोडूनच. चारही बाजू बंद केल्यास ओल कोंडते. एकच बाजू उघडी ठेवून उरलेल्या तीन पुरत्या बंद केल्यास आत शिरलेला वारा छपरास खालून रेटतो व त्याच वेळी वरून वाहणारा वारा त्यास उचलतो. 3 जून 2020 रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यास धडकले तेव्हा असंख्य घरांचे पत्रे असेच उडाले. तेव्हा वासा खांबास केवळ खिळ्याने न जोडता तारेने वा सुंभाने फेरे घालून आवळावा, आणि ही बांधणी दर वैशाखात तपासून सैल झाली असल्यास पुन्हा आवळावी.

अशी पडवी तात्पुरती असली तरी ग्रामपंचायतीकडे आधी चौकशी करावी, आणि पागोळ्या शेजाऱ्याच्या हद्दीत न पडता आपल्याच चरात पडतील अशा बेताने छपराचा उतार धरावा.