फॅटी लिव्हर: वजन किती उतरवायचे आणि ताटात काय ठेवायचे?

सोनोग्राफी दुसऱ्याच कारणासाठी केली जाते आणि रिपोर्टमध्ये ‘फॅटी लिव्हर ग्रेड १’ किंवा ‘ग्रेड २’ असे लिहून येते. ‘डॉक्टर, मी तर दारूला शिवतही नाही, मग लिव्हर कसे बिघडले?’ हा बहुतेकांचा पहिला प्रश्न असतो. पलूस तालुक्यातील कुंडलसारख्या ऊसपट्ट्यातल्या गावात त्याचे उत्तर अनेकदा रोजच्या चहात, रसात आणि बदललेल्या कामात सापडते.

यकृतात चरबी का साठते?

गरजेपेक्षा जास्त साखर आणि पिष्टमय पदार्थ पोटात गेले की यकृत त्यांची चरबी बनवते. यकृताच्या ५ टक्क्यांहून अधिक पेशींत चरबी साठली की त्याला फॅटी लिव्हर म्हणतात. पोटाचा घेर, मधुमेह, वाढलेले ट्रायग्लिसराइड आणि हा आजार सहसा एकत्र आढळतात. पुरुषांत ९० सें.मी. आणि स्त्रियांत ८० सें.मी.पेक्षा जास्त कंबर ही धोक्याची खूण समजा. अंगाने बारीक दिसणाऱ्यांनाही हा आजार होतो.

कुंडलचे कुस्ती मैदान प्रसिद्ध आहे. तालमीत घाम गाळणाऱ्या मल्लाला दूध, तूप, बदामाचा खुराक पचतो. तालीम सुटली आणि खुराक तसाच राहिला, तर तोच पोटावर आणि यकृतात साठतो. शेतीचेही तसेच आहे. नांगरट ट्रॅक्टरने होते, बांधापर्यंत मोटारसायकल जाते, पण ताटातल्या भाकरी तेवढ्याच राहतात.

वजनाचे गणित

बहुतेक रुग्णांत वजन कमी करणे हाच मुख्य उपचार आहे. ८० किलो वजनाच्या व्यक्तीसाठी हिशेब असा:

- ३ ते ५ टक्के, म्हणजे अडीच ते ४ किलो: यकृतातील चरबी कमी होऊ लागते.
- ७ ते १० टक्के, म्हणजे साडेपाच ते ८ किलो: सूजही उतरते.
- १० टक्क्यांहून अधिक: पडलेले व्रणही काही जणांत भरून येऊ लागतात.

आठवड्याला अर्धा ते एक किलो पुरे. कडक उपास करून झटपट वजन उतरवल्यास यकृताची सूज वाढू शकते, पित्ताशयात खडेही होऊ शकतात.

गूळ चालतो का?

नाही. गूळ, काकवी, मध आणि साखर यकृतासाठी जवळपास सारखेच. दोन चमचे साखरेचे सहा चहा म्हणजे दिवसाला सुमारे ६० ग्रॅम साखर आणि २४० कॅलरी. उसाच्या रसाच्या एका मोठ्या ग्लासातही ३० ग्रॅमहून अधिक साखर असते. सुरुवात इथूनच करा: चहा दोन कपांवर आणा, साखर निम्मी करा, मग बंद करा.

ताट कसे असावे?

- अर्धे ताट भाजी आणि कोशिंबीर: मेथी, शेपू, चाकवत, काकडी, मुळा.
- पाव ताट मटकी-मुगाची उसळ, घट्ट वरण, अंडे किंवा कमी तेलातले चिकन, मासे.
- उरलेल्या पाव ताटात एक-दोन ज्वारीच्या भाकरी. भात थोडाच.
- तेल माणशी महिन्याला अर्धा लिटर. तर्री बाजूला काढा.
- वडापाव, खारी, बटर, फरसाण आणि कोल्ड्रिंक टाळा. द्राक्षे मूठभरच खा, बेदाणे त्याहून कमी.
- दारू पूर्ण बंद.

आठवड्यातून पाच दिवस किमान ३० मिनिटे भरभर चाला. वजन फारसे उतरले नाही तरी चालण्याने यकृतातील चरबी कमी होते.

डॉक्टरांकडे कधी जावे?

सोनोग्राफीतील ग्रेड चरबी सांगतो, व्रण सांगत नाही. एसजीपीटी नॉर्मल असूनही आजार पुढे गेलेला असू शकतो. वय, एसजीओटी, एसजीपीटी आणि प्लेटलेट यांवरून डॉक्टर व्रणांचा अंदाज काढतात आणि गरज वाटल्यास फायब्रोस्कॅन सांगतात. मधुमेह असल्यास ही तपासणी टाळू नका. इन्सुलिन किंवा साखरेच्या गोळ्या चालू असतील, तर जेवण कमी करण्यापूर्वी डोस विचारून घ्या. ‘लिव्हर साफ करणारे’ काढे आणि पाला मनाने घेऊ नका. त्यांतील काहींनी यकृताला इजा होते.

डोळे पिवळे होणे, पोटात पाणी साठणे, रक्ताची उलटी, काळी शी किंवा बोलण्यात भ्रम जाणवल्यास त्याच दिवशी रुग्णालय गाठा.

बहुतेकांवर ही वेळ येत नाही. सुरुवातीच्या टप्प्यात फॅटी लिव्हर मागे फिरतो. आज वजन आणि कंबर मोजून कॅलेंडरवर लिहून ठेवा. तीन महिन्यांनी पुन्हा मोजा.