ख्याती : निवृत्त भागीदाराचा वहीबाहेरचा वाटा

भागीदार पेढीतून निवृत्त होतो, तेव्हा त्याच्या देण्यात भांडवल, साठलेला नफा आणि मालमत्तेच्या पुनर्मूल्यांकनातील हिस्सा यांबरोबर ख्यातीतील वाटाही धरतात. माल, जागा, येणी वह्यांत दिसतात. ख्याती असते ती जोडलेल्या गिऱ्हाइकांत. तिची संकल्पना इंग्लंडमधील न्यायालयांत घडत गेली.

१८१० साली क्रटवेल विरुद्ध लाय खटल्यात लॉर्ड एल्डन यांनी ख्याती म्हणजे जुनी गिऱ्हाइके जुन्या जागीच येत राहण्याची शक्यता, असा अर्थ लावला. १८५९ च्या चर्टन विरुद्ध डग्लस खटल्यात हा अर्थ तोकडा पडला. जॉन डग्लस यांनी पेढीतील आपला हिस्सा विकला आणि मग पेढीच्याच जुन्या नावाने व्यापार मांडला. न्यायालयाने त्यांना ते नाव वापरण्यास मनाई केली. ख्याती आता जागेपुरती राहिली नाही; पेढीचे नाव आणि तिचे व्यापारी संबंधही तिच्यात आले. १८९६ मध्ये ट्रेगो विरुद्ध हंट खटल्यात हाउस ऑफ लॉर्ड्सने पुढचे पाऊल टाकले : ज्याचा ख्यातीवर हक्क नाही, त्याने बाहेर पडून पेढीची गिऱ्हाइके फोडू नयेत.

भारतीय भागीदारी कायदा, १९३२ च्या कलम १४ ने ख्यातीला पेढीच्या मालमत्तेत स्थान दिले. कलम ३७ नुसार हिशेब न मिटवता उरलेल्यांनी धंदा चालू ठेवला, तर वेगळा करार नसल्यास निवृत्त भागीदाराला आपल्या हिश्शावर झालेला नफा किंवा दरसाल ६ टक्के व्याज, यांपैकी एक निवडता येते.

पूर्वी निवृत्तीच्या वेळी ख्यातीचे पूर्ण मूल्य वह्यांत दाखवण्याची पद्धत होती. लेखा मानक २६ नुसार पेढीत आपोआप निर्माण झालेली ख्याती मालमत्ता म्हणून नोंदवता येत नाही. त्यामुळे निवृत्ताचा वाटा उरलेल्यांच्या भांडवल खात्यांतून, लाभ गुणोत्तरात (नफ्यातील त्यांचा हिस्सा ज्या प्रमाणात वाढतो त्या प्रमाणात), वळता करतात. समजा, अ, ब, क यांचे नफावाटणीचे प्रमाण ३:२:१ आहे, ख्याती ६०,००० रुपयांची आहे आणि ब निवृत्त होतो. त्याचा वाटा २०,००० रुपये. अ आणि क यांचे आपसातले प्रमाण ३:१ राहिल्यास अ च्या खात्यावर १५,००० आणि क च्या खात्यावर ५,००० नावे टाकतात. ब च्या खात्यावर २०,००० जमा होतात. ब ला मिळणारी एकूण रक्कम लगेच देता आली नाही, तर ती त्याच्या कर्ज खात्यात नेऊन ठरल्याप्रमाणे हप्त्यांनी फेडतात.