देवळालीची छावणी, दाह आणि मूलपेशी

नाशिकजवळची देवळाली ही इंग्रजांनी 1861 साली वसवलेली लष्करी छावणी. उंची सुमारे 1,800 फूट, हवा कोरडी आणि मुंबईशी रेल्वेने सोय, म्हणून विलायतेहून येणाऱ्या-जाणाऱ्या पलटणींचा मुक्काम येथे पडे. याच हवेसाठी पुढे लॅम रोडच्या बाजूने पारशी आणि गुजराती समाजांची सॅनिटोरियम उभी राहिली. दुखण्यातून उठलेल्या माणसाला हवापालटासाठी देवळालीला पाठवायची मुंबईकरांत रीतच पडली.

आजाऱ्यांची खरी रीघ लागली ती पहिल्या महायुद्धात. 1916 मध्ये एका वेल्श रुग्णालयाचे पथक येथे आले आणि 34वे वेल्श जनरल हॉस्पिटल म्हणून काम करू लागले. कार्डिफचे शल्यविशारद ए. डब्ल्यू. शीन त्याचे प्रमुख होते. मेसोपोटेमियाच्या आघाडीवरचे रुग्ण बसऱ्याहून बोटीने मुंबईला आणि तेथून आगगाडीने थळ घाट चढून येत. त्या आघाडीवर गोळीपेक्षा हिवताप, हगवण आणि उष्माघात यांनीच जास्त माणसे अंथरुणाला खिळवली. हिवतापावर क्विनाइन होते, अमीबाच्या आमांशावर 1912 पासून एमेटीनचे इंजेक्शन होते. पण नाडी बुडू लागली, लघवी थांबली, की ओल्या फडक्याने अंग पुसायचे, चमच्याचमच्याने पाणी पाजायचे आणि वाट पाहायची, याखेरीज रुग्णालयाच्या हाती बहुधा फारसे काही उरत नसे. 1918 च्या इन्फ्लुएंझात मुंबई इलाख्याने हीच हतबलता घरोघरी सोसली: धडधाकट तरुणांची फुप्फुसे पाण्याने भरून येत आणि ओठ निळे पडत.

जंतूइतकाच त्याच्याशी झुंजताना शरीरात भडकणारा दाहही जीव घेतो, ही समज पक्की व्हायला बराच काळ गेला. 1967 मध्ये अमेरिकेतील डेन्व्हरच्या डॉक्टरांनी ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात अशी फुप्फुसे भरून श्वास अडलेल्या 12 रुग्णांचे वर्णन केले. हाच आजचा एआरडीएस, म्हणजे तीव्र श्वसनत्रासाचा विकार.

दाह आवरण्याची नवी वाट मात्र रक्ताच्या कर्करोगाच्या उपचारांतून निघाली. मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयात 1983 मध्ये डॉ. सुरेश अडवाणी यांनी भारतातील पहिले यशस्वी अस्थिमज्जा प्रत्यारोपण केले. अशा प्रत्यारोपणात दात्याच्या पेशी कधीकधी रुग्णाच्याच त्वचेवर, आतड्यांवर आणि यकृतावर उलटतात. स्वीडनमध्ये कातारिना ल ब्लांक यांच्या पथकाने अशाच एका 9 वर्षांच्या मुलाला त्याच्या आईच्या मज्जेतील मेसेन्कायमल मूलपेशी दिल्या आणि त्याचा दाह ओसरला. 2004 मध्ये हे प्रसिद्ध झाल्यावर अतिदक्षता विभागांत आशा पालवली. शिरेतून दिलेल्या या पेशी बहुतांशी फुप्फुसांत अडकतात आणि थोड्याच दिवसांत नाहीशा होतात. तेवढ्या मुदतीत त्या प्रतिकारपेशींना आवरणारे रासायनिक संदेश सोडतात.

ती आशा अजून फळाला आलेली नाही. 2019 मध्ये जाहीर झालेल्या 60 एआरडीएस रुग्णांच्या अमेरिकी चाचणीत उपचार निर्धोक वाटला, पण मृत्यू घटल्याचे दिसले नाही. कोविडच्या रुग्णांवरील एक मोठी चाचणी 2020 च्या डिसेंबरात मध्येच थांबवावी लागली. त्याच वर्षी डेक्सामेथासोन या स्वस्त, जुन्या स्टेरॉइडने व्हेंटिलेटरवरच्या कोविड रुग्णांचे मृत्यू सुमारे एक-तृतीयांशाने कमी होतात हे इंग्लंडमध्ये सिद्ध झाले. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या (आयसीएमआर) 2017 च्या मार्गदर्शक तत्त्वांप्रमाणे, मान्यता नसलेला मूलपेशी उपचार मंजूर चाचणीबाहेर रुग्णाला देता येत नाही आणि चाचणीत त्याचे पैसेही घेता येत नाहीत. जिवावर बेतलेल्या आजारात नातेवाईक कशालाही हो म्हणतात, म्हणून ही अट फार मोलाची आहे.